खोडी सांगून विकणे आहे

महाड, १२ जानेवारी २००३

ती. संजूताईस,
जितेशचा सप्रेम नमस्कार.

तुझं खोकं काल पोलादपूर गाडीच्या कंडक्टरने महाडच्या डेपोत उतरवलं. रॅम शाबूत, पंखे शाबूत, आत्याचे तिळाचे लाडू मात्र कंडक्टरने वाटेत तपासून पाहिलेले दिसतात. चालायचंच, माल फुकट आणतो बिचारा.

दुकानात फोन करू नकोस म्हणालीस ते पटलं. लॅमिंग्टन रोडवर शेठच्या काउंटरला बसून मामेभावाला खरे भाव सांगायचे म्हणजे अवघडच. तेव्हा यापुढे सगळं पत्राने आणि खोक्यातून.

बातमी अशी, की एमआयडीसीतल्या एका कंपनीने जुने कॉम्प्युटर लिलावात काढले आणि मी ते सगळे उचलले. भंगारवाला किलोवर मागत होता, मी नगावर घेतले. आता गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. काही पेंटियम आहेत, काही त्याच्याही आधीचे, पिवळे पडलेले आणि पेटीएवढे जड. सगळे उघडून, पुसून, चालू करून बघतोय.

घाई अशासाठी, की गाळ्याच्या मालकाने यंदाचं डिपॉझिट वाढवलंय आणि ते पाडव्याला हातात पाहिजे म्हणतो. आबांनी निकाल देऊन टाकला. पाडव्यापर्यंत जमलं तर दुकान, नाही जमलं तर बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत कंत्राटावर लागायचं. त्यांनी बैलजोडी विकून मला हा गाळा करून दिला, त्यामुळे उलट बोलायला मला तोंड नाही. पण ताई, दुसऱ्याच्या गेटवर पास दाखवून आत जायची माझी अजिबात इच्छा नाही. मला हेच काम आवडतं.

अडचण आहे ती भावाची. जुन्या मालाला भाव लावायचा कसा? गुरांच्या दलालाचा मुलगा मी, एकच पद्धत बघत मोठा झालो. आबा बाजारात जनावराच्या पाठीवर हात ठेवून आधी त्याच्या खोडी सांगतात, मग भावाचं बोलतात. तसंच मी केलंय. प्रत्येक मशीनवर चिठ्ठी लावली आहे. ‘पंखा ओरडतो, घाबरू नये.’ ‘फ्लॉपी पहिल्यांदा नाकारतो, दुसऱ्यांदा घेतो.’ ‘सकाळी उठायला वेळ लावतो, बाकी स्वभावाने गरीब.’ आणि वर पाटी, ‘खोडी सांगून विकणे आहे’.

लोक येतात, चिठ्ठ्या वाचून पोट धरून हसतात आणि समोरच्या दुकानात जाऊन ‘नव्यासारखा’ घेतात. आता तूच काय ते सांग.

आत्याला नमस्कार. लाडू चांगले होते, जे राहिले ते.

तुझा,
जितेश

*

मुंबई, २० जानेवारी २००३

चि. जितूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठ्या आईला वाचून दाखवल्या. ‘स्वभावाने गरीब’ला ती इतकी हसली की शेजारच्या आल्या. म्हणाली, माझा भाऊच बोलतोय असं वाटलं.

चिठ्ठ्या काढू नकोस, पण त्यांच्याखाली भाव लिही. नुसत्या खोडी वाचून माणूस घाबरतो. भाव लावताना मी तीन गोष्टी बघते. हाच माल नवा केवढ्याला मिळतो, हा अजून किती दिवस चालेल आणि बिघडला तर कोण बघणार. तिसऱ्याचं उत्तर तू आहेस, त्याचे पैसे लावायला लाजू नकोस. समोरचा ‘नव्यासारखा’ म्हणतो पण बिघडल्यावर ओळख दाखवत नाही, हे लोकांना दोन महिन्यांत कळेल. आणि एकदा लिहिलेला भाव गिऱ्हाइकाच्या चपला बघून बदलायचा नाही. इथे आमचे शेठ चपला बघतात, घड्याळ बघतात, मग भाव काढतात. आठ वर्षं शेजारी बसून मी फक्त एवढंच शिकले की असं करू नये.

आता महत्त्वाचं. काल एक गृहस्थ दुकानात आले, तुमच्या बिरवाडीकडच्या एका छोट्या फॅक्टरीचे मॅनेजर. त्यांच्याकडे पिंपात पावडर भरायचं परदेशी मशीन आहे आणि ते एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळला. मशीनचं कार्ड बसायला ज्या लांब खाचा लागतात त्या नव्या बोर्डांना नसतात, आणि ज्यांना असतात ते इतके जोरात पळतात की मशीन गोंधळतं. त्यांना अगदी तसाच जुना, सावकाश चालणारा पाहिजे. मॉडेलचं नाव मागच्या बाजूला लिहून पाठवते आहे. शेठनी ‘शोधून देतो, चाळीस हजार’ सांगितलं. तो माल आमच्याकडे नाही, शेठनी तो आयुष्यात पाहिलेलाही नाही, पण माणूस नडलाय एवढं बघितलं.

तुझ्या त्या पिवळ्या पेट्यांत बघ रे. असला तर तुझं डिपॉझिट एका फटक्यात सुटेल. मॅनेजरांचा पत्ताही मागे लिहिला आहे. हे मी लिहिलंय हे कुणाला बोलू नकोस.

तुझी,
संजूताई

*

महाड, २९ जानेवारी २००३

ती. संजूताईस,
सप्रेम नमस्कार.

बस खाली आणि मग वाच.

त्या मॉडेलचा कॉम्प्युटर माझ्याकडे होता. एकच होता. तुझं पत्र डेपोत पोचलं त्याच दिवशी सकाळी आबांनी तो विकला.

मी कशेडी घाटाच्या पायथ्याला एका ढाब्याचा प्रिंटर बघायला गेलो होतो. आबा वाडीवरून खाली आले होते, म्हणाले, जा, मी बसतो. मला वाटलं, बसतील आणि चहा पितील. परत आलो तर कोपऱ्यातला पिवळा गायब आणि आबा मिशीत हसताहेत.

‘‘पिवळ्या गेला. चांगल्या घरी गेला.’’

गिऱ्हाईक म्हणजे ऋतिका नावाची पोलादपूरची मुलगी. तिथल्या तहसील कचेरीसमोर भाड्याच्या टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करून देते. आई शकूबाई पोळपाट लाटणं घेऊन लोकांच्या घरी लाडू-करंज्या करायला जाते. मुलीने कॉम्प्युटरचा कोर्स केलाय आणि आता स्वतःचं मशीन पाहिजे. आबांनी चिठ्ठी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, प्रत्येक खोड कळली का विचारलं, मग खांद्यावरचा पंचा तिच्या आणि स्वतःच्या हातावर टाकून त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरवला. बैलबाजारात ठरवतात तसा, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. ती पोरगीही बिचकली नाही. ‘‘तिचे आजे माझ्याकडनं जनावर न्यायचे, तिला बोटं कळतात,’’ आबा म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. आबांनी बोलीही ठरवली. गुरांना असते तशी, जोडून बघायची. इसार देऊन मशीन न्यायचं, होळीपर्यंत वापरायचं. पटलं तर बाकीचे पैसे, नाही पटलं तर परत. आणि या बोलीत तोपर्यंत गिऱ्हाईक जनावर परत आणू शकतं, विकणारा मागू शकत नाही.

आता खरी गंमत. संध्याकाळी तीच मुलगी तणतणत आली. दुपारच्या गाडीने पोलादपूरला जाऊन मशीन मांडलं तर विजेची वायरच नाही. आबांनी ती काढून घेऊन भिंतीवरच्या खुंटीला टांगली होती.

मी म्हटलं, आबा, वायर?

‘‘दावं कधी जनावराबरोबर देतात काय रे? जनावर जातं, दावं घरात राहतं. नवं दावं गिऱ्हाइकानं आणायचं.’’

मी डोक्याला हात लावला. ती मुलगी आधी चिडलेली होती, हे ऐकून थांबली. मग म्हणाली, ‘‘बरोबर आहे त्यांचं. आमच्या आजोबांनी पण कधी दावं दिलं नाही.’’ आणि माझ्याकडची दुसरी वायर पैसे देऊन विकत घेतली. मी नको म्हणत होतो तरी.

तर ताई, चाळीस हजारांचा बोर्ड पोलादपुरात लोकांचे रेशनकार्डाचे अर्ज टाइप करतोय, आणि तो मला होळीपर्यंत मागता येत नाही. होळीनंतर तर तो तिचाच.

तुझा,
जितेश

*

मुंबई, ४ फेब्रुवारी २००३

चि. जितूस,

हसू आणि राग दोन्ही एकदम आलं. दावं. मामा म्हणजे मामाच. आईला सांगितलं तर म्हणाली, त्यात काय चुकलं? दादाने जन्मात कुणाला दावं दिलं नाही. फक्त मला लग्नात गाय दिली ती दाव्यासकट दिली. घरातल्या घरात जनावर गेलं तर दावं बरोबर जातं, बाहेर नाही. ते दावं आई अजून ट्रंकेत ठेवून आहे, मुंबईच्या खोलीत.

असो. आता डोकं शांत ठेव आणि ऐक. तू मागू शकत नाहीस, पण ती परत करू शकते ना? मग तिला परत करावंसं वाटेल असं कर. पोलादपूरला जा, सांग की दोन खोडी सांगायच्या राहून गेल्या. ती परत करेल. मग तू तिला त्याच पैशांत त्या लिलावातला चांगला पेंटियम दे. तिला तर याहून चांगलं मशीन मिळतंय. तिचं नुकसान शून्य, फायदाच. मॅनेजरचं मशीन सुरू होईल, तुझं दुकान राहील, सगळे खूश.

मला यात काही वाईट दिसत नाही. काउंटरवर आम्ही रोज याच्या दसपट करतो.

मॅनेजर परवा पुन्हा आले होते. शेठ आता पंचेचाळीस म्हणाले.

तुझी,
संजूताई

*

महाड, १७ फेब्रुवारी २००३

ती. संजूताईस,
सप्रेम नमस्कार.

गेलो होतो. तुझा बेत फसला, आणि कसा फसला ते ऐक.

ऋतिकाने कचेरीसमोर एका खोलीत टेबल मांडलंय. पिवळ्याला हार घातलेला, वर क्रोशाचा रुमाल. मी गेलो तेव्हा दारात माणसं उभी होती. मी घसा साफ केला आणि वाटेत पाठ केलेल्या दोन खोडी सांगितल्या. एक, उन्हं वाढली की हा अचानक बंद पडतो. दोन, अर्ज लांब झाला तर शेवटच्या ओळी गिळतो. सांगायचं राहून गेलं, माफ करा, बदली पेंटियम देतो.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘मी इतके दिवस वापरतेय, एकदाही काही गिळलं नाही त्याने. पण तुमचं मशीन, तुम्हाला जास्त माहीत.’’ थोडा वेळ पिवळ्याकडे बघत बसली. मला वाटलं, जमलं.

‘‘मग या दोन खोडींचे किती कमी करता?’’

मी पुन्हा पेंटियमचं काढलं.

‘‘परत नाही देणार मी. हात बसलाय माझा याच्यावर. पण खोड निघाली की भाव उतरतो. आबाजीकाकांना विचारा.’’

तेवढ्यात शकूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातल्या माणसांना सांगायला लागल्या, ‘‘बघा गो, महाडवरनं येवढ्या लांब आला पोरगा, राहिलेल्या खोडी सांगायला. असा दुकानदार हाय कुठं?’’ मी चहा कसा संपवला ते मलाच माहीत. भाव उतरवून आलो, ताई. पाचशे रुपयांनी.

आणि याच्यावर कडी म्हणजे, त्या दिवसापासून पोलादपूरची माणसं माझ्याकडे येताहेत. ‘राहिलेल्या खोडी सांगायला गाडीभाडं खर्च करणारा’ अशी माझी कीर्ती झाली आहे. कोपऱ्यातले पेंटियम भराभर जाताहेत. चिठ्ठ्यांवर आता कुणी हसत नाही, वाचून मान डोलावतात. डिपॉझिटचे निम्मे तरी जमले असतील.

म्हणजे बघ, जन्मभर खरं बोलून जे झालं नाही ते एका खोट्याने झालं. मजेचं आहे. पण मला मजा वाटत नाही.

तुझा,
जितेश

*

मुंबई, २४ फेब्रुवारी २००३

चि. जितूस,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि एकटीच हसत बसले. ‘किती कमी करता?’ या मुलीला शेठच्या काउंटरवर बसवायला पाहिजे.

घरी मात्र ते पत्र आईच्या हाती लागलं. ती हसली नाही. बेत माझा होता हे कळल्यावर तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, ‘‘दादाला कळलं काय गो?’’

तूच सांग, मामांना कळलं का?

मॅनेजर आता येत नाहीत, फोन करतात. कामावरची कंत्राटी माणसं घरी बसवली आहेत म्हणे, बिरवाडीत खोल्या घेऊन राहिलेली. शेठ पन्नासवर गेलेत आणि दिवसभर गुणगुणत असतात. मला तिथे बसवत नाही हल्ली. तो बेत माझाच होता, जितू. आठ वर्षांत मी शेठपेक्षा वेगळी राहिले असं मला वाटत होतं.

संजू

*

महाड, २० मार्च २००३

ती. संजूताईस,
सप्रेम नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं सगळं होळीच्या आसपास घडलं.

आबांना कळलं. कुणी चुगली केली नाही, उलट कौतुकातून कळलं. शकूबाई आबांना बाजारात भेटल्या आणि माझे गोडवे गायला लागल्या. दोन खोडी सांगायला आला होता तुमचा जितेश, ऊन सोसत नाय आणि ओळी गिळतो. आबा तसेच तडक दुकानात आले. बसले नाहीत.

‘‘चिठ्ठी मी वाचून घेतली होती. तिच्यात या दोन नव्हत्या.’’

मी सगळं सांगितलं. बोर्ड, मॅनेजर, चाळीस हजार, पेंटियम, तिचा फायदाच. तुझं नाव सोडून सगळं. आबा उभे राहून ऐकत होते.

‘‘चांगल्या जनावराला खोटी खोड लावून पाडून मागणारे लय दलाल बघितले मी. माझ्या शेजारी बसू दिलं नाय एकाला. विकताना खोड सांगायची, तशी परत घेताना गुण सांगायचा. एक बाजू सांगितली आणि दुसरी गिळली तर तो बाजार नाय रे, चोरी हाय.’’

मी म्हटलं, पण तिचं नुकसान काहीच नव्हतं.

‘‘ते तिनं ठरवायचं.’’

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पोलादपूरला गेलो. आबा खोलीच्या बाहेर ओट्यावर बसले. म्हणाले, तू बोल, मी हाय इथं. मी आत गेलो आणि ऋतिकाला सांगितलं, की हा पिवळा तुमच्या टाइपिंगला जेवढा उपयोगी आहे त्याच्या कितीतरी पट एका फॅक्टरीला उपयोगी आहे. मुंबईचा एक शेठ असल्या बोर्डाचे पन्नास हजार मागतोय. बोली उद्या संपते, तोवर मी गप्प बसलो असतो तर तुम्हाला कधी कळलंच नसतं. मशीन तुमचं आहे, विकायचं की नाही तुम्ही ठरवा.

तिने ऐकून घेतलं. पैशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

‘‘म्हणजे उन्हाने बंद पडत नाही हा?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि शेवटच्या ओळी?’’

‘‘नाही गिळत.’’

तिने टेबलाखालून वह्यांची चवड काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ‘‘तुम्ही सांगितल्यापासून प्रत्येक लांब अर्ज मी आधी हाताने लिहून काढते. शेवटची ओळ गेली तर माणसाचं काम जाईल म्हणून. दुपारी ऊन झालं की मशीन बंद करून बसते. दुपारचं गिऱ्हाईक टाइपरायटरवाल्याकडे जातं.’’

ताई, मी तुला काय सांगू? तिचं बोट बघितलं, पेन धरून घट्टा पडलेला. तिचं नुकसान शून्य, असं आपण दोघांनी पत्रातून ठरवलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी तिची माफी मागितली, आबांच्या देखत, दारातल्या माणसांच्या देखत. माझी पोलादपुरातली कीर्ती तिथेच संपली.

तिने वह्या परत टेबलाखाली ठेवल्या. मग उठून बाहेर आबांकडे गेली. ‘‘काका, खोडी खोट्या होत्या, तर उतरवलेला भाव मी परत चढवते. ते पाचशे मी देणार. आता मशीन माझं झालं ना?’’

‘‘झालं.’’

‘‘मग ते फॅक्टरीला किती सांगायचं?’’

आबा म्हणाले, ‘‘पेरणीच्या तोंडावर ज्याचा बैल बसला त्याच्याकडनं दुप्पट घेणाऱ्याला आमच्या वाडीत कुणी पाणी विचारत नाय. पण कमी पण सांगू नको. तुझं काम अडतं, त्याचं घे. ह्यानं तो भंगारातनं वाचवला, त्याचं ह्याला दे.’’

मग आम्ही तिघं हिशोबाला बसलो आणि, तुझं पहिलं पत्र आठवून, मी तुझ्याच तीन गोष्टी मांडल्या. नवा केवढ्याला, अजून किती चालेल, बिघडला तर कोण बघणार. तिने चौथी घातली, की तिला नव्या मशीनवर हात बसवायला किती दिवस जातील. सगळं मिळून बारा हजार झाले. मॅनेजरांना बोलावून तोच आकडा सांगितला. त्यांना वाटलं, बारा हा इसार आहे. पूर्ण किंमत आहे म्हटल्यावर ते आमच्याकडे बघतच राहिले. आज त्यांचं मशीन सुरू झालं, माणसं कामावर आली. पिवळ्या बिरवाडीला गेला.

त्या बारा हजारांतले माझे किती, ते आबांनी पंच्याखाली दोघांची बोटं धरून ठरवलं. पंच्याखालचं कुणाला सांगत नाहीत, तेव्हा तुलाही नाही. डिपॉझिटला पुरले नाहीत एवढंच सांगतो.

जितेश

*

महाड, ३ एप्रिल २००३

ती. संजूताईस,
सप्रेम नमस्कार.

काल पाडवा झाला. दुकान राहिलं.

त्याचं असं झालं. परवा ऋतिका पिवळ्याच्या पैशांतून घेतलेला पेंटियम न्यायला आली. मी त्याची चिठ्ठी वाचायला दिली, तिने ती दोनदा वाचली आणि उलटून मागची बाजूही बघितली. मागे काही राहिलं नाही ना, म्हणाली.

मग गाळ्यात इकडे तिकडे बघत होती. लिलावातला माल बहुतेक गेल्यामुळे आता गाळा ऐसपैस दिसतो. मी तिला सांगून टाकलं होतं, की डिपॉझिट जमत नाही, पाडव्यानंतर मी बिरवाडीला जाणार. ती म्हणाली, ‘‘महाडला कोर्ट आहे. पोलादपुरात दिवसभरात जेवढे अर्ज येतात तेवढे इथे सकाळीच येत असतील. या गाळ्याचा अर्धा भाग मला द्या. अर्धं डिपॉझिट मी भरते.’’

मी म्हटलं, माझ्याबरोबर? एवढं होऊनसुद्धा?

‘‘तुमची खोड मला आधीच कळली आहे,’’ ती म्हणाली. ‘‘समोरच्याची अजून कळायची आहे.’’

तर काल सकाळी गुढी उभारली, गाळ्याच्या मालकाला पैसे दिले आणि अर्ध्या भागात तिचं टेबल लागलं. शकूबाईंनी श्रीखंड आणलं होतं. पाटी तीच ठेवली आहे, फक्त तिने खाली स्वतःच्या हाताने ‘अर्ज टाइप करून मिळतील’ असं जोडलंय.

आबा आले होते. खुर्चीत बसून सगळं बघत होते. पेंटियम मांडून झाल्यावर ती वायर शोधायला लागली (तिची पोलादपुरातच राहिली होती), तर आबा उठले, खुंटीवरची पिवळ्याची वायर काढली, पंच्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. ती वाकून त्यांच्या पाया पडली. मग दिवसभर माझ्याशी नीट बोललीच नाही, नुसती टाइप करत होती. मला काही कळलं नाही. वायर साधी आहे, कुठल्याही मशीनला चालते. मला वाटतं आबांना त्या खुंटीवर छत्री लावायची असेल.

तुझ्या नोकरीचं काय ते लिही. बोर्डाबद्दल शेठना कळलं तर नाही ना?

तुझा,
जितेश

*

मुंबई, ८ एप्रिल २००३

चि. जितूस,

शेठना मीच सांगितलं. बारा हजार हा आकडा ऐकून त्यांना चहा जाईना. पहिल्या तारखेपासून मी दुसऱ्या दुकानात बसते आहे. पगार थोडा कमी आहे, पण तिथले मालक भाव लिहून ठेवतात. माझी काळजी करू नकोस.

काळजी मला तुझी वाटते. इतके दिवस तू जुनी यंत्रं उघडून आतलं सगळं ओळखतोस, आणि डोळ्यांसमोर घडलेलं तुला कळत नाही. छत्री म्हणे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. वायरीपाशी आले तर ती म्हणाली, थांब, परत वाच. मी परत वाचलं. ती उठली, ट्रंक उघडली आणि लग्नातल्या गाईचं ते दावं बाहेर काढून मांडीवर घेऊन बसली. डोळे पुसत होती. दादाने दुसऱ्यांदा दावं दिलं, म्हणाली. मी तुला फेब्रुवारीतच लिहिलं होतं की ते कधी देतात. पत्रं जपून ठेवत असशील तर काढून वाच.

त्या मुलीला कळलं आहे. आजोबा गुरं पाळणारे होते तिचे.

शनिवारी आम्ही दोघी पोलादपूर गाडीने येतो आहोत, या वेळी खोकं नाही. मामांना सांग आणि शकूबाईंना घरी थांबायला सांग. आईला त्यांच्याशी बोलायचं आहे. मला ऋतिकाशी. लहानपणापासूनच्या तुझ्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत, त्या मी तिला एकेक करून सांगणार आहे, काही गिळणार नाही. मग जोडून बघायची बोली कधीपर्यंतची ठेवायची, ते तिचं ती ठरवेल.

तुझी,
संजूताई